माळ कुठं संपतो

माझ्या संशोधनाचा विषय सांगितला की ओळखीतले लोक हमखास विचारायचे, "म्हणजे जंगल कुठलं?" ताडोबा, मेळघाट, निदान कोयना, असं काहीतरी उत्तर त्यांना हवं असायचं. मी सुपे, मोरगाव, जेजुरी, सासवड अशी नावं घेतली की त्यांचा उत्साह मावळायचा. तिथं काय आहे? खंडोबा आहे, गणपती आहे, बाकी नुसता माळ. मला त्या नुसत्या माळाचाच अभ्यास करायचा होता. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वर्षाला जेमतेम चार-पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात माळरान किती उरलंय, किती तुकड्यांत उरलंय आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात चिंकाऱ्याला किंवा लांडग्याला जाता येतं की नाही, एवढेच प्रश्न. हत्यार म्हणजे संगणकावरची भौगोलिक माहिती प्रणाली, सगळे जिला जीआयएस म्हणतात ती.

या शास्त्राचं नाव लँडस्केप इकॉलॉजी. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३९ साली विमानातून काढलेल्या छायाचित्रांच्या अभ्यासातून हे नाव रूढ केलं. म्हणजे जन्मापासूनच हे शास्त्र वरून बघणारं. एखाद्या झाडाकडं किंवा प्राण्याकडं न बघता अख्ख्या मुलखाच्या मांडणीकडं बघायचं: कुठं गवत, कुठं शेत, कुठं वस्ती, आणि त्या मांडणीचा तिथल्या जिवांवर काय परिणाम होतो. पुढं १९८६ मध्ये फोरमन आणि गोद्रों यांच्या पुस्तकानं तुकडा, त्यांना जोडणारी मार्गिका आणि भोवतालचा पसारा अशी तीन शब्दांची भाषा दिली. भूगोलाच्या वर्गात हे शिकताना फार सोपं वाटतं. फळ्यावर हिरवे गोल काढायचे, त्यांना जोडणाऱ्या रेघा ओढायच्या आणि मधली जागा पांढरी सोडायची. ती मधली पांढरी जागा प्रत्यक्षात कुणाची तरी शेतं असतात, हे फळ्यावर दिसत नाही.

जीआयएसचं काम थरांचं. एकाच जागेचे वेगवेगळे नकाशे एकावर एक बसवायचे आणि त्यांना प्रश्न विचारायचे. ते बसणं मात्र सहजासहजी होत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे जुने नकाशे, माझ्या भागापुरते ४७ जे या गटातले, मी पहिल्यांदा उपग्रहाच्या चित्रावर ठेवले तेव्हा कऱ्हा नदी आपल्या पात्राशेजारून वाहत होती. कारण ठाऊक असलेलं होतं. जुने नकाशे पृथ्वीचा आकार एव्हरेस्ट या सर्वेक्षकाच्या गणितानं धरतात, उपग्रह वेगळ्या गणितानं. आपल्या भागात त्यामुळं शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. रूपांतराचे आकडे घातले की नदी पात्रात जाऊन बसते.

गाव नकाशांचं तसं नाही. तलाठ्याच्या कार्यालयातला नकाशा म्हणजे साखळीनं मोजलेली, कापडावर चिकटवलेली, घड्यांवर विरलेली वस्तू. त्यावर अक्षांश-रेखांश नसतात, गट नंबर असतात. तो उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा तर दोन्हीकडं दिसणारी, न हललेली ठिकाणं लागतात. ओढे चालत नाहीत, ते वळणं बदलतात. रस्ते रुंदीकरणात सरकतात. जुनी बांधीव विहीर चालते, देवळाचं शिखर चालतं, आणि सगळ्यात भरवशाचा म्हणजे तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथला दगड. हे दगड शोधत मी बरंच हिंडले. काही शेंदूर लागून देव झाले होते, त्यामुळं जागेवर राहिले होते. गावकरी ते लगेच दाखवायचे. काही दगड ज्याच्या बांधावर होते त्यालाच सापडत नव्हते, त्याबद्दल जास्त विचारण्यात अर्थ नव्हता.

हा खटाटोप कशासाठी, असं मला बरेच जण विचारायचे. उपग्रहाचं चित्र पुरेसं नव्हतं का? नव्हतं. माळ गवतामुळं माळ असतो, पण टिकतो तो सातबाऱ्यावर काय लिहिलंय त्यावर. गायरान, वन, खाजगी पडीक, पोटखराबा, देवस्थान इनाम. शेजारी शेजारी असलेल्या आणि वरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन तुकड्यांचं भविष्य या नोंदींमुळं वेगळं होतं.

आता उपग्रहाकडं येते. युरोपचा सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि त्याची चित्रं फुकट मिळतात. अमेरिकेच्या लँडसॅटची १९७२ पासूनची शिदोरी २००८ मध्ये सगळ्यांना मोफत झाली, त्यामुळं माझ्यासारखीला जुना काळही बघता आला. सेंटिनेलचा एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. लँडसॅटचा तीस मीटरचा ठिपका म्हणजे नऊ गुंठे. शेतकऱ्यांना समजावताना हे फार कामी आलं. "आकाशातनं गुंठा दिसतो" म्हटलं की माणसं पुढं सरसावून बसायची. त्यात तीन गुंठ्यांचा वाद चालू असलेले दोन भाऊ असले तर प्रश्न वेगळ्याच दिशेला जायचे.

हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून ठिपक्याची हिरवाई काढता येते. ऊस ओळखायला अक्कल लागत नाही, तो बारा महिने हिरवा. नीरा डावा कालवा इंग्रजांनी १८८० च्या दशकात काढला, त्याची रेघ अवरक्त चित्रात, जिथं हिरवाई लाल रंगात दाखवतात, उसाच्या लाल पट्ट्यामुळं ठसठशीत दिसते. अलीकडं जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजनांचं पाणी जिथं चढलं तिथं हा लाल रंग माळाच्या पोटात शिरलेला दिसतो. रब्बीची ज्वारीही ओळखू येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली, डिसेंबर-जानेवारीत भरात, तेव्हा गवत केव्हाच वाळून पिवळं झालेलं असतं. बाजरी पावसाबरोबर येते आणि दसऱ्याच्या आगेमागे निघून जाते.

खरी अडचण पडीक शेताची. पाऊस हुकला, पोरं पिंपरी-चिंचवडला कामाला गेली, विहीर आटली, अशा कारणांनी चार-सहा वर्षं नांगर न लागलेलं रान. त्यावर गवत उगवतं, माळाबरोबर हिरवं होतं आणि माळाबरोबरच वाळतं. वरून बघितलं तर दोन्ही एक. हे दोन वेगळे धरायचे की नाही, यावर अख्खा निष्कर्ष फिरणार होता. पडीक शेतं धरली तर माळ भरपूर आहे, वगळली तर अगदी थोडा. वर पडीक रान दोन वर्षं चांगला पाऊस झाला की पुन्हा शेत होतं, त्यामुळं त्याच्या भरवशावर चिंकाऱ्याचं भविष्य मांडता येत नाही.

हा गुंता सोडवला तो एका मेंढपाळानं. त्यांचं नाव इथं देत नाही, मी त्यांना आबा म्हणते. हटकर धनगर, दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसकट बिऱ्हाड, घेऊन पश्चिमेकडं जाणारे आणि पावसाच्या तोंडावर माळावर परतणारे. मी हातात जीपीएस घेऊन एका टेकाडाच्या उतारावर नोंदी घेत होते, ते मेंढरं घेऊन आडवे आले आणि काय चाललंय ते विचारलं. मी सांगितलं, माळ कुठं कुठं आहे ते टिपतेय.

"मग हितं कशाला हुबी ऱ्हायलीस? त्यो माळ न्हाय म्याडम. ती पड हाय."

कशावरून, विचारलं. त्यांनी काठीनं माती उकरली. खाली जुनी ढेकळं होती, पावसानं गोल झालेली. मग वरच्या अंगाला नेलं आणि दाखवलं. जुन्या माळावर गवताचे ठोंब असतात, एकमेकांपासून हातभर लांब, आणि मधे उघडा मुरूम. मारवेल गवताचं बूड वर्षानुवर्षं तिथंच असतं, ते नांगरानं एकदा उलटं झालं की परत जमायला फार दिवस लागतात. पडीवर बियांपासून आलेलं एकसारखं कुसळ, दाट आणि पोकळ. मेंढरं त्यात तोंड घालतात पण मान वर काढून पुढं चालायला लागतात.

हे सगळं डोळ्यांना पटलं, पण गुंठ्याच्या ठिपक्यात ठोंब दिसत नाहीत. तेही मी त्यांना सांगितलं. त्यांना ठिपक्याशी काही कर्तव्य नव्हतं. पण बोलता बोलता ते म्हणाले, "पयला वळीव पडला की आठ दिसांत जितं मेंढराला त्वांड घालाया मिळतं, त्यो माळ. पडीला बी उगवाया लागतं, तितं म्हैना जातुया."

माझ्या सगळ्या वाचनात माळाची यापेक्षा कामाची व्याख्या मला मिळाली नाही. बुडात जीव धरून असलेलं बहुवार्षिक गवत पहिल्या पाण्याला पालवतं. बियाणाला रुजायला वेळ लागतो. म्हणजे फरक होता, पण तो सप्टेंबरच्या भरगच्च हिरवाईत शोधून सापडणारा नव्हता. वळवानंतर आणि मृगाच्या सुरुवातीला, ढग फाटतात त्या थोड्या दिवसांत तो होता. त्या दिवसांतली चित्रं एका वर्षी मिळतात, दुसऱ्या वर्षी ढगांखाली जातात. म्हणून अनेक वर्षांची एकत्र करून बघितली. त्याला मे महिन्याच्या नांगरटीची जोड दिली: मागच्या काही वर्षांत ज्या ठिपक्यावर एकदाही उघडी, गडद, उलथलेली माती दिसली तो माळातून बाद. ढगांतूनही बघणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडारला ढेकळांचा खडबडीतपणा जाणवतो, त्याची मदत झाली. सगळं जमलं असं नाही. हिवाळ्याअखेर लोक गवत पेटवतात, त्याचे काळे डाग नांगरटीसारखे दिसतात. ते हातानं, एकेक बघून वेगळे करावे लागले. पण आबांच्या व्याख्येनं काढलेला नकाशा घेऊन रानात गेलं की तो बहुतेक ठिकाणी खरा निघायचा.

नकाशा तयार झाल्यावर तुकड्यांचं गणित सुरू झालं. तुकडे किती, मोठ्यात मोठा केवढा, कड किती आणि कडेपासून शंभर मीटर आत गेल्यावर गाभा किती उरतो. याची सूत्रं ठरलेली आहेत, संगणक ती मिनिटांत सोडवतो. जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना केली तेव्हा माळ कडेकडेनं आटत गेला असेल असं मला वाटलं होतं. बऱ्याच ठिकाणी तो मधून फाटलेला निघाला. आधी एक कच्चा रस्ता जातो, मग रस्त्याकाठी एक शेततळं, प्लास्टिकचं अस्तर घातलेलं, उपग्रहाला निळं चमकणारं. मग खडी क्रशर किंवा प्लॉटिंगच्या चुन्याच्या रेषा. क्षेत्रफळ फारसं कमी झालेलं नसतं, आकड्यांत ते जवळजवळ तेवढंच दिसतं. गाभा मात्र निम्मा होऊन जातो.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी झालं. क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर. लांडग्यांच्या एका कळपाला फिरायला शे-दोनशे चौरस किलोमीटर लागतात. म्हणजे अभयारण्य हा त्यांच्या घराचा फार तर एक कोपरा, बाकीचं घर लोकांच्या रानात. या बाकीच्या घराला सरकारी नकाशात काय म्हणतात? केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून देशाच्या पडीक जमिनींचा ॲटलास काढतात. त्यात तेवीस प्रकार आहेत आणि विरळ झुडपी जमीन हा त्यातला एक. माझे बहुतेक तुकडे त्या रकान्यात पडतात. ॲटलास करणाऱ्यांनी त्यांचं काम चोख केलंय, त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. प्रश्न महसुलाच्या काळापासून चालत आलेला आहे: सारा न देणारी जमीन कुठली? आणि एकदा जमीन त्या रकान्यात गेली की सौर प्रकल्पाला जागा हवी, वृक्षलागवडीचं उद्दिष्ट पुरं करायचंय, अशा वेळी बोट आपसूक तिथंच पडतं. एका चांगल्या मारवेलीच्या उतारावर सलग समतल चर खोदून गिरिपुष्प लावलेलं मी बघितलं. चित्रात ती जागा आता आधीपेक्षा हिरवी दिसते. हिरवाईचा आकडा वाढला म्हणजे सुधारणा झाली असं समजणाऱ्या कुठल्याही अहवालात ती यशोगाथा म्हणूनच जाईल. तिथं धाविक पक्षी आता दिसत नाहीत, त्यांना पळायला उघडी जमीन लागते.

२०२२ मध्ये मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशभरच्या अर्धशुष्क मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला, तीस मीटरच्या ठिपक्यांचा. देशाच्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा या मोकळ्या परिसंस्थांचा निघाला आणि त्याचा अगदी थोडा भाग अभयारण्यांमध्ये. तो बघून मला हायसं वाटलं, आपण एकट्याच वेड्या नाही म्हणून. माळ म्हणजे तोडलेलं जंगल, हा समज मात्र नकाशानं जात नाही, कारण लँडसॅटची आठवण १९७२ च्या मागं जात नाही. तिथं दुसरी साधनं लागतात. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुनं मराठी साहित्य, लोकगीतं चाळून त्यातली झाडंझुडपं टिपली आणि हिवर, बाभूळ, खैर अशी उघड्या माळावरचीच झाडं शेकडो वर्षांपूर्वीही इथं होती असं दाखवलं. जीआयएसमध्ये याचा थर करता येत नाही, तरी माझ्या प्रबंधातलं ते मला सगळ्यात आवडतं प्रकरण आहे.

जोडणीचं काम सगळ्यात शेवटी आलं, आणि तिथं मी सगळ्यात जास्त अडखळले. पद्धत अशी: प्रत्येक ठिपक्याला अडथळ्याचा आकडा द्यायचा. माळ म्हणजे एक, ज्वारीचं रान म्हणजे दोन, ऊस अमुक, हमरस्ता तमुक. मग संगणक दोन तुकड्यांमधली सगळ्यात कमी खर्चाची वाट काढतो. वाट सुंदर निघते, निळीशार, नागमोडी. पण आकडा कुणी ठरवायचा? ऊस बिबट्याला आसरा आहे, जुन्नरकडच्या लोकांना हे सांगायला नको. चिंकाऱ्याला तोच ऊस भिंत आहे. लांडगा रात्री ज्वारीतून, बांधावरून, वस्तीच्या मागून आरामात जातो. त्याला अडवतं ते तारेचं कुंपण आणि काँक्रीटचा उभ्या कडांचा कालवा. कुंपणाची तार गुंठ्याच्या ठिपक्यात दिसत नाही. मोकाट कुत्री दिसत नाहीत, आणि सध्या लांडग्यांपुढचं मोठं संकट तेच आहे. पुण्याच्या परिसरात कुत्र्याशी संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतूनही समोर आलंय. म्हणून मी कुंपणांचा वेगळा थर केला, पायी चालून. तो अजून पुरा नाही आणि पुरा होणारही नाही, कारण दर महिन्याला नवं कुंपण पडतं. संगणकाच्या निळ्या वाटा अहवालात छापताना मी त्या जाड पट्ट्यांसारख्या, मुद्दाम धूसर कडांच्या छापल्या. एका परीक्षकांनी रेषा स्पष्ट करा असा शेरा मारला. मी तशाच ठेवल्या.

काम झाल्यावर एका गावानं ग्रामसभेत नकाशा दाखवायला बोलावलं. गट नंबरांसकट माळ भिंतीवर पडला. पहिली दोन मिनिटं सगळे आपापलं रान शोधत होते. मग एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "ताई, माझा गट यातनं काढा." त्यांच्या जमिनीचा व्यवहार चालला होता. उद्या कुणी हा नकाशा दाखवून इथं हरणं आहेत म्हणालं तर गिऱ्हाईक पळेल. मी म्हटलं, नकाशात घातल्यानं तिथं हरणं येत नाहीत, ती आधीच आहेत. ते म्हणाले, "असू द्या की. कागदावर नकोत." लगेच मागून दुसरे उठले. त्यांचं म्हणणं उलटं: गायरानाचा अमका गट यात दिसतच नाही, तो घाला, म्हणजे अतिक्रमण करणाऱ्यांना दाखवता येईल. तो गट मी बघितला होता. तिथं सुबाभूळ माजली होती, माळाच्या कुठल्याच कसोटीत तो बसत नव्हता. तासभर वाद झाला. नकाशा गवताचा असला तरी वाद सातबाऱ्याचाच होणार, हे मला गाव नकाशे जोडतानाच कळायला हवं होतं असं वाटेल. खरं तर त्या दिवशी मला ते आवडलं. इतका वेळ त्या माळावर त्या गावात कुणी बोललं नसावं.

शेवटी मी दोन आवृत्त्या केल्या. गट नंबरांची ग्रामपंचायतीकडं, बाहेर द्यायची एक किलोमीटरच्या चौकोनांची. लांडग्यांच्या बिळांची ठिकाणं दोन्हींत नाहीत, ती मी कुणालाच देत नाही. पिल्लं असताना बिळात धूर करणारे लोक आहेत. आबांच्या वाड्याचे मुक्काम आणि जाण्यायेण्याची वाटही मला तशीच लपवायची होती, पण ती त्यांची होती, म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आमचं दाखीव. कागदावर वाट असली तर फाटक तरी उघडत्याल." तो थर मग त्यांच्याबरोबर बसून काढला, ते सांगत गेले आणि मी रेषा ओढत गेले. जेजुरीपर्यंत वाट सरळ आली. सासवडच्या अलीकडं ती दोन ठिकाणी नव्या प्लॉटांच्या भिंतींना जाऊन थडकते. यंदा दिवाळीनंतर तिथून कसं जायचं, ते त्यांचं अजून ठरलेलं नाही, म्हणून रेषा सध्या तिथं तुटक ठेवली आहे.